जुन्या रेल्वे इंजिनाचा हॉर्न पुन्हा वाजता कसा करायचा: पुण्यातल्या नवख्यांसाठी

जुना हॉर्न हाती लागला की बहुतेक लोक आधी बफिंगवाल्याची वाट धरतात. आरशासारखा चकाकणारा हॉर्न घरी येतो, हवा लावली की नुसता फुसफुसतो, आणि मग कळतं की बफिंग करताना आतला पत्रा बसायची कडही घासली गेली. हॉर्नचा जीव बाहेरच्या चकाकीत नसतो. तो आतल्या दोन वस्तूंत असतो: एक पातळ पत्रा आणि तो जिच्यावर टेकतो ती कड. सगळं काम त्या दोघांना सांभाळून करायचं आहे, म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

हा लेख डिझेल आणि विजेच्या इंजिनांच्या हवेवर चालणाऱ्या हॉर्नबद्दल आहे. वाफेच्या इंजिनाची शिटी ही वेगळी चीज. तिच्यात डायफ्रॅम नसतो, त्यामुळे इथल्या निम्म्या गोष्टी तिला लागू होत नाहीत.

हात घालण्याआधी आतली रचना समजून घ्या. मागे डबीसारखं गोल घर असतं, त्यात धातूचा पातळ गोल पत्रा कडेने आवळलेला असतो. हा डायफ्रॅम, म्हणजे पडदा. त्याच्या मधोमध एक नळी येऊन टेकते. तिचं तोंड म्हणजे सीट, आणि तिचं दुसरं टोक पुढच्या कर्ण्याच्या गळ्यात उघडतं. दाबाखालची हवा सीटभोवतीच्या पोकळीत शिरते आणि पडद्याला सीटवरून उचलते. फट पडताच हवा गळ्यात निसटते, पोकळीतला दाब उतरतो आणि पडदा स्प्रिंगसारखा परत सीटवर बसतो. हे सेकंदाला काहीशे वेळा घडतं आणि आपल्याला सूर ऐकू येतो. सूर मुख्यतः कर्ण्याची लांबी ठरवते. पडदा नीट काम करत असेल तर तो त्या सुराला धरून हलतो. काही बनावटींत हवेची वाट थोडी वेगळी असते, पण पडदा, सीट आणि कर्णा हे त्रिकूट कायम असतं.

१. आधी कागद, मग हॉर्न

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण हिच्यावाचून पुढे जाऊ नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ नुसार, चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती कायदेशीर मार्गानं आली हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. ‘जुन्या बाजारात मिळाला’ हे उत्तर तिथे चालत नाही.

रेल्वेचं भंगार आयआरईपीएस या पोर्टलवरच्या ई-लिलावातून विकलं जातं. लिलाव घेणारा व्यापारी मोठे लॉट उचलतो आणि त्यातून सुटे भाग पुढे जातात. म्हणून विक्रेत्याकडून एवढं घ्या:

- जीएसटी बिल, त्यावर ‘इंजिनाचा हॉर्न, वापरलेला’ असं स्पष्ट वर्णन
- मूळ लिलावाच्या विक्री आदेशाची किंवा माल उचलल्याच्या चलनाची प्रत, लॉट क्रमांकासह
- हॉर्नवरचे ओतीव आकडे आणि शिक्के दिसतील असे फोटो, बिलाला जोडून
- मधे आणखी कुणी मालक असेल तर त्याचं सहीचं विक्रीपत्र

मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अधूनमधून असा माल दिसतो. बघायला जरूर जा. पण कागद नसेल तर कितीही स्वस्त असला तरी हात मागे घ्या, आणि हॉर्नवरचे रेल्वेचे शिक्के कधीही घासून काढू नका. ते तुमचे पुरावे आहेत, आणि हॉर्नचा इतिहासही तेच सांगतात.

२. खरा आहे का ते पाहा

‘ट्रेन हॉर्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच वस्तू गाड्यांसाठी बनवलेल्या असतात: पातळ पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कर्णे, वर क्रोमचा मुलामा, सोबत १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर. इंजिनाचा हॉर्न हातात घेताच वजन जाणवतं. घर ओतीव असतं, मागचं झाकण चहूबाजूंनी बोल्टनं आवळलेलं असतं, आणि हवेचा जोड बहुधा अर्धा इंच किंवा त्याच्या आसपासचा असतो. लोहचुंबक लावून बघा: ॲल्युमिनियम, पितळ आणि गनमेटलला तो चिकटत नाही. क्रोमखाली चिकटला तर पत्रा आहे.

हॉर्न कुठल्या घराण्यातला आहे हे कळलं की आट्यांचा अंदाज बांधता येतो. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मूळ अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये आली आणि १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. मुंबई-पुणे मार्गावर १५०० व्होल्ट डीसीवर धावलेली जुनी विजेची इंजिनं मात्र मोठ्या प्रमाणात ब्रिटिश बनावटीची होती. म्हणजे एका बाजूला अमेरिकी आटे, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश, आणि नंतर भारतीय पुरवठादारांनी बदललेले भाग मधेच मिसळलेले. अंदाज बांधा, पण विश्वास मापावरच ठेवा. बऱ्याच इंजिनांवर जाड आणि बारीक अशा दोन सुरांचे हॉर्न असत. तुमच्याकडे एकच आला असेल तर तो अपुरा आहे असं समजू नका.

३. लागणारं सामान

हत्यारं: ०.०१ मिमी मोजणारा मायक्रोमीटर, व्हर्निअर, पिच गेजचे, म्हणजे आटे ओळखायच्या दातेरी पात्यांचे, दोन संच (५५ अंश आणि ६० अंश), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), टॉर्क पाना, रिंग पाने, रबरी हातोडा, हॉट एअर गन आणि किमान ८ मिमी जाडीची सपाट काच, साधारण ३०० बाय ३०० मिमीची. काच काचेच्या दुकानात कापून मिळते आणि कडा घासून देतात.

माल: मुरणारं तेल (डब्ल्यूडी-४० चालेल, पण जाम बोल्टसाठी खास बनवलेलं तेल बरं), ६००, १००० आणि १५०० नंबरचा वॉटर पेपर, नायट्राईल रबराच्या ओ-रिंग किंवा तेलाला टिकणारा गॅसकेट कागद, अँटी-सीझ पेस्ट (बोल्ट पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून), द्रव थ्रेड सीलंट, ॲल्युमिनियमसाठी एच किंवा इपॉक्सी प्रायमर, नायट्राईलचे हातमोजे, चांगला मास्क, चष्मा आणि कानांसाठी प्लग व मफ, दोन्ही.

बोल्ट, ओ-रिंग आणि फिटिंग रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात मिळतात. जुना नमुना सोबत न्या, नुसतं माप सांगून जाऊ नका. लेथ आणि वायरकटचं (विजेच्या तारेनं धातू कापण्याचं) काम भोसरीच्या एमआयडीसीत होतं. तिथे बहुतेक ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा खेप वाया घालवू नका.

४. उघडण्याआधी फोटो आणि मापं

चारही बाजूंनी फोटो काढा. मग कायमच्या मार्करनं झाकण, घर आणि कर्णा यांवर एक सलग तिरकी रेघ मारा, म्हणजे जोडताना प्रत्येक भाग जुन्याच जागी बसेल. वरच्या बोल्टला १ आणि पुढे घड्याळाच्या दिशेनं क्रमांक द्या. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे निघाले तर हीच नोंद कामी येते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तो तळाला टेकतो. बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, पण झाकण सैलच राहतं.

५. जाम बोल्ट सोडवणं

ॲल्युमिनियमच्या घरात लोखंडी बोल्ट, वर कित्येक पावसाळे. दोन धातूंमध्ये ओल साचून पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट अक्षरशः चिकटून बसतो. इथे जोर लावणारा हरतो.

दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ मुरणारं तेल सोडा. मग बोल्टच्या डोक्यावर मधोमध हलके ठोके द्या. तरी हलला नाही तर हॉट एअर गननं बोल्टच्या भोवतालचं घर तापवा, बोल्ट नाही. ॲल्युमिनियम उष्णतेनं लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे १२० ते १५० अंशांवर पकड सैल होते. तापवण्याआधी तेल पुसून घ्या आणि दारं-खिडक्या उघडा. बोल्ट हलला की एकदम बाहेर ओढू नका: पाव फेरा सैल, अष्टमांश फेरा परत घट्ट, पुन्हा तेल.

गॅसची ज्योत वापरायचा मोह होतो. लोखंड लाल होऊन इशारा देतं, ॲल्युमिनियम देत नाही. रंग न बदलता ते एकदम बसतं, आणि हातातला ओतीव भाग कायमचा जातो.

बोल्ट तुटलाच तर घरी ड्रिल लावू नका. लोखंडापेक्षा भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ असल्यानं बिट तिकडे सरकतं आणि भोक तिरकं होतं. मिलिंग मशीनवर मध्य साधून ते काढून घ्या आणि आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे, बसवून घ्या. हेलिकॉइलचे आटे मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतात.

बोल्ट निघाल्यावर झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका. आत लगेच पडदा असतो. रबरी हातोडीनं कडेकडेनं ठोका, सुटतं.

६. साफसफाई

आधी बघा की आत काय निघतं. आपल्याकडे हमखास सापडतं ते कुंभारीण माशीचं मातीचं घरटं, बहुतेक वेळा कर्ण्याच्या गळ्यात किंवा झाकणाच्या लहान भोकात. झाकणाला किंवा घराच्या तळाला दिसणारं बारीक भोक हवेसाठी किंवा पाणी जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेलं असतं. ‘गळती’ समजून ते एम-सीलनं बुजवणारे लोक असतात, आणि मग हॉर्न का वाजत नाही याचा शोध महिनाभर चालतो. लाकडी काडीनं आणि पाण्यानं साफ करा. तारेनं खरवडू नका.

जुना रंग: खालच्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडं घासू नका. पेंट रिमूव्हर लावा किंवा पाण्यानं ओलं ठेवून घासा, मास्क घाला आणि निघालेला गाळ कागदात गुंडाळून वेगळा ठेवा. लहान मुलं असलेल्या घराच्या गॅलरीत हे काम नको.

ॲल्युमिनियम: कॉस्टिक सोडा अजिबात नको. तो गंजाबरोबर धातूही खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सोडतो. सँड ब्लास्टिंगवाल्याकडे द्यायचं असेल तर काचेच्या बारीक मण्यांचं, कमी दाबावर करायला सांगा. देण्याआधी सीट, बसायच्या कडा आणि आटे जाड टेप आणि रबरी बुचांनी झाका. हे काम तुमच्या हातांनी करा, दुकानावर सोडू नका.

पितळ: चिंच-मीठ किंवा पितांबरी पुरे. रात्रभर चिंचेत भिजत घालू नका. आम्लात पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी दिसायला लागतं. पाच-दहा मिनिटं चोळा, धुवा, लगेच कोरडं करा.

आणि एक मत: जुन्या ओतीव हॉर्नला आरशासारखं पॉलिश करू नका. ओतकामाचा खरखरीतपणा, साच्याचे आकडे हे त्याचं मूळ रूप आहे. इंजिनावर तो असाच होता.

७. सीट आणि पडदा: सगळं काम इथे आहे

पडदा उचलून आधी उजेडाकडे धरा. चिरा बहुतेक वेळा कडेला असतात, जिथे आवळलेला भाग संपतो आणि हलणारा भाग सुरू होतो, कारण तिथेच तो रोज वाकतो. केसाएवढी चीर दिसत नसेल तर पडदा बोटांच्या टोकांवर तोला आणि नखानं टिचकी मारा. चांगला पडदा खणखणतो, चिरलेला फुटक्या मातीच्या भांड्यासारखा बद्द वाजतो. मधोमध सीटच्या आकाराची चकाकती गोल रेघ दिसायला हवी, पूर्ण आणि सारख्या रुंदीची. रेघ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब असेल तर सीट तिरकी झाली आहे किंवा झाकण वाकडं आवळलेलं होतं.

आता मोजा. मायक्रोमीटरनं मधे, कडेला आणि मधल्या अंतरावर, अशी निदान आठ ठिकाणी जाडी घ्या. काचेवर ठेवून फीलर गेजनं बाक बघा. काही पडदे मुद्दाम किंचित फुगीर केलेले असतात, तेव्हा बाक दिसला म्हणून सपाट करायला धावू नका. दोन्ही बाजूंनी मोजून आकार लिहून ठेवा.

एक गंभीर इशारा. तांबूस किंवा पिवळसर पडदा फॉस्फर ब्राँझचा असू शकतो, तसाच बेरिलियम तांब्याचाही असू शकतो, आणि डोळ्यांनी फरक कळत नाही. बेरिलियमची धूळ फुप्फुसांत गेली तर कायमचा आजार होतो. म्हणून अनोळखी तांबूस पडद्यावर पॉलिश पेपर, बफिंग, ग्राइंडर काहीही चालवायचं नाही. मऊ कापड, साबण, पाणी, बस.

पडदा धड असेल तर तोच वापरा. चीर पडली असेल तर झाळून किंवा वेल्ड करून काही होत नाही. उष्णतेनं पत्र्याची ताठ स्प्रिंग मरते आणि तो ताटासारखा मऊ होतो. नवा करावा लागतो:

- माल: स्प्रिंग टेंपरचा फॉस्फर ब्राँझ किंवा कडक रोल केलेला स्टेनलेस पत्रा. साधं मऊ पितळ चालत नाही, ते एकदा वाकलं की परत येत नाही.
- जाडी: जुन्याइतकीच. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ०.४० मिमीच्या जागी ०.४५ मिमी घातला तर तो सुमारे ४० टक्के जास्त ताठ होतो. ‘थोडा जाड घालू, जास्त टिकेल’ या विचारानं बरेच हॉर्न मुके झाले आहेत.
- कापणी: दोन जाड पट्ट्यांमध्ये पत्रे दाबून वायरकट. कात्रीनं कापलेली कड वाकते, लेझरनं कापलेल्या कडेला भाजलेला बर, म्हणजे बारीक धारदार काठ, राहतो आणि तिथूनच चीर सुरू होते.
- बोल्टची भोकं त्याच वेळी, त्याच मशीनवर पाडून घ्या. दोन-तीन पडदे एकदम करून घ्या. खर्च बहुतेक मशीन लावण्याचाच असतो.
- कापल्यावर कड १००० नंबरच्या ओल्या पेपरनं हलकी मोडा, बर राहता कामा नये.

सीटकडे वळू. तिची कड पूर्ण, सपाट आणि खाचविरहित हवी. बोटाचं नख फिरवून खाच लागते का ते बघा. बारीक ओरखडे असतील तर काचेवर वॉटर पेपर चिकटवून, पाणी घालून, हलक्या हातानं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं (8) फिरवा: ६००, मग १०००, मग १५००. सीट घराच्या आत खोल असेल तर लेथवर गोल तुकडा करून घ्या आणि त्याच्या तोंडावर पेपर लावून घासा.

इथे सर्वांत मोठा सापळा आहे. अनेक बनावटींत सीटची कड पडदा आवळणाऱ्या कडेपेक्षा किंचित वर असते, त्यामुळे बसवलेला पडदा सीटवर थोड्या ताणानं टेकतो. हा ताण हाच हॉर्नचा स्वभाव. घासण्याआधी हा फरक डेप्थ गेजनं मोजून लिहा. सीटवरून ०.०५ मिमी घासलंत तर ताण तेवढा कमी झाला, मग आवळणाऱ्या कडेवरूनही तितकंच काढावं लागतं, किंवा त्या कडेवर पातळ गॅसकेट असेल तर ते तेवढं पातळ घ्यावं लागतं. ताण फार कमी झाला तर हवा नुसती निसटते. फार जास्त झाला तर हॉर्न सुरूच होत नाही, किंवा खूप दाबावर एकदम किंचाळतो. जाड गॅसकेट घातल्यानं बिघडलेले हॉर्न याच कारणानं बिघडतात: गॅसकेट हा मापाचा भाग आहे. जुन्याची दाबलेली जाडी मोजल्याशिवाय तो फेकू नका.

८. आटे: सारखे दिसतात, सारखे नसतात

अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे) आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकी पाइपचे), दोन्हींत इंचाला १४ आटे. पाऊण इंचातही तेच. त्यामुळे एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे छान जातो आणि मग अडकतो. बीएसपीचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. जोर लावला तर ओतीव घर चिरतं, नाही लावला तर गळतं. पाव आणि तीन अष्टमांश इंचात फरक निदान मोजता येतो: बीएसपीत १९ आटे, एनपीटीत १८. बोल्टांतही तसंच. अर्धा इंची व्हिटवर्थला (ब्रिटिश) १२ आटे, यूएनसीला (अमेरिकी) १३, पण तीन अष्टमांश इंचात दोघांनाही १६. पिच गेज उजेडासमोर धरून कोनही तपासा. हवं ते फिटिंग मिळालं नाही तर लेथवर अडॉप्टर करून घ्या. घराचे मूळ आटे नव्या टॅपनं ‘जुळवून’ घेऊ नका.

टेफ्लॉन टेपऐवजी द्रव सीलंट वापरा. टेपचा एक तुकडा सुटून सीटखाली अडकला तरी हॉर्न गप्प होतो.

९. पोचे आणि रंग

ओतीव कर्ण्याचा पोचा ठोकून निघत नाही, तडकतो. कडेवरचा पोचा तसाच राहिला तरी आवाजाला फारसा फरक पडत नाही. पितळी पत्र्याचा कर्णा असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा. त्यांच्या हातात ते काम आहे. फक्त मठारकामाच्या नक्षीसारखे ठोके नकोत, सपाट हवं, हे आधीच सांगा.

रंग बाहेरून, पातळ थरांत. गळ्याच्या आत, सीटवर, बसायच्या कडांवर रंग नको. पावडर कोटिंग करायचं असेल तर त्या जागा झाकूनच पाठवा. त्याचा थर सहज ०.०८ मिमी होतो आणि मघाचं सगळं मोजमाप त्याखाली जातं.

१०. जोडणी

सगळं धुळीपासून दूर, कोरडं. मार्करची रेघ जुळवा. ओ-रिंगला ग्रीस नावापुरतं, पडद्यावर काही नाही. ओ-रिंग नायट्राईलची घ्या, ईपीडीएम हे दुसरं रबर नको. कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे कण असतात आणि त्यात ईपीडीएम फुगतं. बोल्टला अँटी-सीझ लावा आणि समोरासमोरचे आळीपाळीनं, तीन टप्प्यांत आवळा. ॲल्युमिनियमच्या घरात ६ मिमीच्या बोल्टला ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरे. एका बाजूनं ओळीनं आवळत गेलात तर पडदा एकीकडे ओढला जातो आणि सूर थरथरतो.

११. हवेची सोय

डिझेल इंजिनाच्या मुख्य टाकीत साधारण ८ ते १० किलो दाब असतो (दर चौरस सेंटीमीटरला; एक किलो म्हणजे जवळजवळ एक बार). तुम्हाला तेवढा लागत नाही, पण हवा भरपूर लागते, आणि बहुतेक लोक दाबावर लक्ष ठेवून प्रवाह विसरतात. हिशोब सोपा आहे: टाकीचे लिटर गुणिले दाबाची घट. ५० लिटरच्या टाकीचा दाब ३ सेकंदांत १ बारनं उतरला तर ५० लिटर मोकळी हवा गेली, म्हणजे मिनिटाला १००० लिटर. दोन हॉर्सपॉवरचा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण २०० लिटर देतो. म्हणजे हॉर्न वाजवते ती टाकी, कॉम्प्रेसर ती फक्त भरतो.

टाकीपासून हॉर्नपर्यंत आतून किमान १२ मिमीचा, दाबाचं रेटिंग छापलेला होज आणि पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह. बाजारातली ८ मिमीची पीयू नळी आतून ५ मिमीच असते, तिचं क्षेत्रफळ १२ मिमीच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढं. मधे रेग्युलेटर आणि पाणी धरणारा फिल्टर हवाच. पुण्याच्या पावसाळ्यात टाकीत रोज पाणी साठतं. होजची टोकं क्लॅम्पनं पक्की करा, सुटलेला होज चाबकासारखा फिरतो.

पीव्हीसी पाइप दाबाच्या हवेला कधीही नको. तो गळत नाही, फुटतो, आणि तुकडे गोळीसारखे उडतात. भंगारातल्या ट्रकची हवेची टाकी घेणार असाल तर आधी पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा लावा.

१२. पहिली हवा

हॉर्न शिकंज्यात किंवा जाड फळीवर बोल्टनं बसवा, हातात धरू नका. कर्ण्याच्या समोर कुणी नको. कानात प्लग, वर मफ. १ बारवर साबणाचं पाणी लावून जोड तपासा. मग २ बारवर सुरू करून अर्ध्या-अर्ध्या बारनं वाढवा, प्रत्येक वेळी सेकंदभरच वाजवा. सुरू होण्याचा दाब लिहून ठेवा. ६ बारपर्यंत आवाज आलाच नाही तर दाब वाढवत बसू नका, थांबा आणि उघडा.

सूर मोबाईलच्या ट्यूनर ॲपवर मोजता येतो. तापमानही लिहा. हवा गरम झाली की ध्वनीचा वेग वाढतो. डिसेंबरच्या १० अंशांच्या सकाळी ३०० हर्ट्झवर बोलणारा कर्णा मेच्या ४० अंशांच्या दुपारी ३१५ च्या आसपास जातो. हा बिघाड नाही.

१३. वाजत नसेल तर

नुसती फुसफुस: पडदा सीटवर टेकत नाही. गॅसकेट जाड आहे, सीट जास्त घासली गेली आहे किंवा मधे कचरा आहे.

हवा जातच नाही, आवाजही नाही: ताण जास्त, किंवा हवेची वाट बंद.

सुरू होतो आणि दोन सेकंदांत घसरतो: प्रवाह कमी. होज, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर या क्रमानं बघा. हॉर्नला हात लावू नका.

किंचाळतो, मूळ सुराच्या वर उडी मारतो: पडदा वाकडा किंवा फार ताठ, क्वचित दाब जास्त.

गुळगुळ आवाज: पाणी. कर्णा तोंडाकडे थोडा खाली कललेला बसवा.

खरखर, झणझण: चीर. उजेडाकडे धरून पुन्हा बघा, पहिल्या वेळी सुटलेली असते.

१४. कुठे वाजवायचा, कुठे नाही

हॉर्नजवळ, १ मीटरवर १२५ डेसिबल धरले तर अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर ६ डेसिबल उतरतात. ३२ मीटरवरही ते ९५ राहतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. सोसायटीत हे गणित कधीच बसत नाही. रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा असतो. ओळखीच्या कारखान्याच्या आवारात किंवा शहराबाहेरच्या शेतावर, मालकाची परवानगी घेऊन, भर दिवसा, आजूबाजूला सांगून, दोन-तीन सेकंदांच्या वर नाही.

गाडीवर लावू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ कर्कश, भयकारी आवाजाच्या हॉर्नला मनाई करतो.

आणि रेल्वेमार्गाजवळ कधीच नाही: घोरपडी, दापोडी, कासारवाडी, लोणी, कुठेही. रुळांवर काम करणारे गँगमन या आवाजावर बाजूला होतात, फाटकावरचा माणूस त्यावर लक्ष ठेवून असतो. खोटा हॉर्न ऐकून त्यांची सवय मोडली, तर पुढच्या खऱ्या हॉर्नकडे दुर्लक्ष होऊ शकतं. रुळांपासून निदान दोन किलोमीटर लांब जा, आणि वाऱ्याची दिशाही बघा.

वाजवून झालं की टाकीतलं पाणी सोडा, हॉर्नमधून मिनिटभर अर्ध्या बारची कोरडी हवा जाऊ द्या, आणि कर्ण्याच्या तोंडावर व झाकणाच्या बारीक भोकावर सुती कापड बांधा. कुंभारीण दोन-तीन दिवसांतही घर बांधते.